नांगर तेवढा गावचा

तेरच्या महारुद्रअप्पांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. तेरणेत गुडघाभर पाणी असलं तरी ते धोतर वर खोचून, देवाचं नाव घेत उतरायचे. असा माणूस साठी उलटल्यावर हातभर लांबीचं लाकडी जहाज करायला बसला, त्याला कारण गावातलं संग्रहालय. एके काळी तेरचा माल पार रोमला जायचा, असं तिथं कुणीतरी सांगितलं आणि अप्पांच्या डोक्यात शिडं फडफडायला लागली.

जहाज एकच, तेही अर्धवट. अवजारांनी मात्र अख्खं कपाट भरलं. चिमटा आला की अप्पा आधी स्वतःच्या मिशीचा केस धरून बघायचे. केस निसटला की चिमटा परत. सुताराची करवत त्यांना रानटी वाटली, म्हणून सोनाराची आणली. शिडाच्या दोऱ्यांसाठी घरातला एकही धागा पसंत पडेना, तेव्हा बायकोच्या, अयोध्याबाईंच्या, नव्या इरकली लुगड्याचा पदर उसवला. त्यानंतर बाईंनी बोलणं टाकलं. अप्पांना वाटलं, चला, कामाला निवांतपणा मिळाला.

पितळी सामान ते मोबाइलवरून मागवायचे. दुकान चेन्नईचं, भाषा इंग्रजी, आणि मोबाइल त्याचं मराठी करून दाखवायचा. कप्प्या घेतल्या, सुकाणूचं चाक घेतलं, एवढ्याशा तोफा घेतल्या. मग पडद्यावर शब्द आला : नांगर. अप्पा खुर्चीतून उठलेच.

"नांगर आता मद्रासहून मागवायचा व्हय? आपल्या सात पिढ्या काय करत व्हत्या?"

जहाजावर नांगर कशाला, हा प्रश्न त्यांना पडला आणि त्यांनीच तो सोडवला. बेटावर उतरल्यावर खलाशी खाणार काय? मग बाभळीच्या लाकडातून त्यांनी बोटाएवढा नांगर कोरला. पितळी पत्र्याचा फाळ, धरायला रुमणं, पुढं जू. इतकं देखणं काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं. तो त्यांनी जहाजाच्या नाकाशी बांधला. बैलांचंही मनात होतं, पण जागा पुरली नाही.

त्यांची मुलगी राजनंदिनी धाराशिवला कॉलेजात भूगोल शिकवायची. तिनं नांगर पाहिला, तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिच्या मनात त्या वेळी दुसरंच होतं. बब्रुवानमामांनी तिच्यासाठी उमरग्याचं स्थळ आणलं होतं : कुलदीप, जहाजावर ऑफिसर. फोनवर तिनं जहाजाचं काही विचारलं की तो पगाराचं सांगायचा.

"अप्पा, मला हा माणूस खरा वाटत न्हाय."

"नंदे, म्या शब्द दिलाय. आन् जहाजावरचा जावई कुणाला मिळतो?"

अप्पांना घोर होता तो वेगळाच. खऱ्या दर्यावर्दीनं आपल्या जहाजात खोट काढली तर काय करायचं? पोरीच्या आयुष्यात खोट निघेल, हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही.

पाहुणे आले. पोह्यांच्या बशांमध्ये अप्पांनी जहाज मांडलं. कुलदीपनं ते चहूबाजूंनी पाहिलं आणि फर्स्ट क्लास म्हणाला. अप्पांचा जीव भांड्यात पडला. चहा ठेवता ठेवता राजनंदिनीनं बाभळीच्या नांगराला बोट लावलं.

"तुमच्या जहाजाचा नांगर असाच असतो का?"

"अगदी असाच. लोखंडाचा आन् मोठा, येवढंच."

"टाकल्यावर फाळ कुठं जातो?"

"खाली, समुद्राच्या मातीत. मीच टाकतो की."

"आणि जू?"

कुलदीपनं चहाचा कप उचलला. "जू वर राहतं. ऑफिसरच्या हाताशी."

अप्पांनी कौतुकानं मेव्हण्याकडं, म्हणजे बब्रुवानमामांकडं पाहिलं. राजनंदिनी मात्र वडिलांकडं वळली.

"अप्पा, जहाजाचा नांगर म्हणजे लोखंडी आकडा. जहाज जागेवर धरून ठेवायला पाण्यात सोडतात. त्याला फाळही नसतो आणि जूही."

बब्रुवानमामा चहात बघायला लागले. थोडं खोदल्यावर निघालं ते असं, की कुलदीप मुंबईत एका ऑफिसात बसून खलाशांची विमानाची तिकिटं काढायचा. काम चांगलंच होतं. सांगितलं असतं तर कुणी नाक मुरडलं नसतं.

पाहुणे गेल्यावर अप्पांचे कान तापले. जहाजाची लाज वाटली, आणि पोरीचं ऐकलं नाही याची त्याहून जास्त वाटली. ही लाज रात्रभर टिकली. सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात ते सांगत होते, "त्यो नांगर म्या मुद्दाम लावला व्हता. पारख करायला."

पुढं अप्पांनी गुपचूप मागवलेला खरा पितळी नांगर चेन्नईहून आला. अप्पा बाभळीचा सोडायला बसले, तेव्हा राजनंदिनीनं त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"हा पितळी कपाटात ठेवा अप्पा. मामा आता येरमाळ्याचं स्थळ आणतायत. मुलगा नेव्हीत आहे म्हणे."