फुलपाखरांसाठी धुतलेला हात

चंद्रकांताने त्या दिवशी तीनदा अंघोळ केली, लिंबाच्या फोडीने बोटं घासली आणि वर गुलाबाचं अत्तर लावलं. तीस वर्षं ती मुरब्याहून बोईसरच्या बाजारात सुके बोंबील आणि जवळा विकायला जाते. जी माणसं तिच्याकडून हौसेने घेतात, तीच परतीच्या टमटममध्ये नाकाला रुमाल लावून सरकून बसतात. ते तिने कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. पण आज गोष्ट वेगळी होती. नात उन्नतीच्या मोबाइलमध्ये तिने एका बाईच्या तळव्यावर बसलेलं निळं फुलपाखरू पाहिलं होतं. तेव्हापासून एकच ध्यास, तसं एक आपल्या हातावर बसावं. बोईसरला जाळीच्या मांडवात परदेशी फुलपाखरं आल्याचं कळल्यावर तिने बाजार बुडवला.

आत अर्धाच तास मिळत होता. चंद्रकांता हात पसरून उभी राहिली. उन्नतीच्या खांद्यावर एक येऊन बसलं. शेजारच्या गृहस्थांच्या टकलावर तर दोन. तिचा तळवा मात्र रिकामाच.

"आजी, हलू नकोस."

"कुठं हलतंय? बगळाबी इतका उभा रायला नसंल."

खांदा भरून आला. शेवटी तिने देखरेखीला असलेल्या शैलेशला गाठून विचारलं, माझ्याच हाताचं काय वाकडं हाय?

त्याने हात पाहिला, वास घेतला. "मावशी, ही खारट हातावर येतात. घामावर, चिखलावर, मासळीच्या पाण्यावरसुद्धा. तुम्ही तर सगळं धुऊन आलात."

त्याने कोपऱ्यातलं ताट दाखवलं. भिजवलेल्या कसल्याशा लगद्यावर निळी फुलपाखरं दाटीवाटीने बसली होती. जवळ जायची गरजच नव्हती. तिला लांबूनच वास कळला.

"जवळा हाय," ती म्हणाली. "तोबी नीट न वाळवलेला."

तेवढ्यात शिट्टी वाजली. आणखी थोडं थांबू दे म्हणून तिने विनवलं, पण पुढची रांग आत शिरत होती. हे आधी फाटकावर लिहायला काय झालं होतं, असं ती बाहेर येईपर्यंत पुटपुटत राहिली.

टमटममध्ये शेजारची बाई जवळ सरकली. छान वास येतोय, कुठलं अत्तर, असं तिने विचारलं.

चंद्रकांताने हात पदराखाली घेतला आणि मुरबे येईपर्यंत बाहेर बघत राहिली.