स्वाराचे पाय कुठवर आले?

पुटी, म्हणजे मूर्ती घडवायचा लगदा, वाळायला वेळ लागतो. दोन गोळे एकत्र मळायचे, घोड्याची मान घडवायची आणि ती दगडासारखी घट्ट होईपर्यंत हात न लावता नुसतं बसून राहायचं. आता सोलापुरात चार माणसं एका खोलीत नुसती बसली आणि गप्प राहिली, असं कधी झालंय का? आमच्या कपाटात घोडेस्वार मोजकेच आहेत. किस्से मात्र ठेवायला जागा उरली नाही!

आम्ही म्हणजे चौघं. शुक्रवार पेठेत माझा दातांचा दवाखाना आहे. त्याच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी जमायचं आणि बोटाएवढे ऐतिहासिक घोडेस्वार घडवायचे, हा आमचा उद्योग. गुरांच्या दवाखान्यातून रिटायर झालेले डॉक्टर मल्लिनाथअण्णा, अक्कलकोटकडचे. कॉलेजात इतिहास शिकवणारे वैद्य सर. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलची डिझाइनं काढणारी रेणुका. आणि मी. दात कोरायची जुनी हत्यारं पुटीकामाला फार उपयोगी पडतात, म्हणून हत्यारं माझी. खोली माझी, त्यामुळे चहाही माझाच.

*

पहिला घोडेस्वार आम्ही वाटून घेतला. अण्णांचा जन्म जनावरांत गेलेला, म्हणून घोडा त्यांच्याकडे. पगडी, अंगरखा, तलवारीची मूठ सरांना तोंडपाठ, म्हणून स्वार सरांकडे. दोघांनी आपापल्या घरी काम केलं. एकमेकांना माप विचारावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी अण्णांनी घोडा टेबलावर ठेवला आणि आम्ही खुर्च्या पुढं ओढल्या. खांदे, गुडघे, पोटावरची शीर, सगळं असं की हात फिरवावासा वाटावा. मग सरांनी रुमालातून स्वार काढला. तोही देखणा! मिशीचा एकेक केस वेगळा. सरांनी त्याला अलगद घोड्यावर बसवलं.

स्वाराचे दोन्ही पाय टेबलाला टेकले.

रेणुका खाली वाकून बघत म्हणाली, "सर, हा घोड्यावर बसलाय का घोड्याला मधे धरून चालत निघालाय?"

सर म्हणाले, "घोडा लहान झाला, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"घोडं बरोबर हाय, सर. तुमचा माणूस वाढलाय की!"

*

त्या धसक्यानं दुसरा घोडा आम्ही असा थोरला केला की विचारू नका. गावातल्याच एका हॉलमध्ये छंदांचं प्रदर्शन होतं, तिथं मांडला. लोक यायचे, बघायचे, "छान आहे" म्हणायचे आणि पुढच्या टेबलावर जायचे. आम्ही खूश.

मग एक आजी आल्या. काठी टेकून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. एकदा घोड्याकडे, एकदा स्वाराकडे. शेवटी अण्णांना म्हणाल्या, "व्हय रं बाबा, ह्यो चढला कसा? शिडी कुटं ठिवली?"

सरांचा चेहरा उतरला. मला टेबलाखाली जावंसं वाटलं. अण्णा मात्र हात जोडून म्हणाले, "आज्जी, ह्यो चढला तवा घोडं शिंगरू हुतं!"

आजी हसत हसत गेल्या. अण्णा आमच्याकडे वळले. ते हसत नव्हते. "आता अंदाज बंद. खरं घोडं मोजायचं."

*

अकलूजला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. वेळापूरला चहा घेऊन आम्ही चौघं तिथं पोचलो. उंच, चमकदार, नाचणाऱ्या घोड्यांकडे अण्णांनी ढुंकून बघितलं नाही. ते थांबले एका ठेंगण्या, रुंद छातीच्या तट्टापाशी. म्हणाले, "आपल्या दख्खनच्या स्वाराखाली असलंच जनावर असायचं. डोंगर चढायचं, मिळंल ते खायचं. फोटोतल्या विलायती घोड्यानं आपला घात केलाय."

मी पर्समधून टेप काढली. अण्णा सांगतील तसं मोजायला लागले. कपाळापासून ओठापर्यंत डोकं. मग अशी किती डोकी अंगाच्या लांबीत बसतात, किती उंचीत. रेणुका लिहून घ्यायला, सर फोटो काढायला.

तट्टाचा मालक तंबाखू मळत बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "बाई, घोडं घ्यायचंय, का त्याला सूट शिवायचाय?"

आम्ही खरं ते सांगितलं. गडी एकदम खुलला. स्वतः उडी मारून वर बसला आणि म्हणाला, "घ्या, माजं बी माप घ्या!" मी त्याची टाच बघितली. पोटाच्या रेषेच्या जराशी खाली. टेबलाला टेकलेली नाही आणि हवेत लोंबकळलेलीही नाही. ज्याच्यासाठी आम्ही दोन घोडे वाया घालवले, ते समोर ढळढळीत दिसत होतं!

तोवर भोवती गर्दी जमली. शहरातली बाई टेप लावून एकच घोडं मोजतेय म्हणजे त्यात काहीतरी असणार! पलीकडचा एक जण आपलं घोडं ओढत आणून म्हणाला, "मॅडम, ह्याचं बी मापा की!" आणि आमचा मालक तट्टावरूनच गर्दीला ओरडून सांगत होता, "डाक्टरीणबाईंनी मापून पास केल्यालं घोडं हाय!"

आम्ही गाडीत बसायच्या आत तट्टू विकलं गेलं होतं.

*

नवा घोडा मी ओतायला घेतला. माझ्याकडे कवळीचं मटेरियल भरपूर, त्याचाच ओतला. तो घट्ट व्हायला ठेवला होता, तेवढ्यात एक आजोबा कवळी न्यायला आले. त्यांनी तो झळझळीत गुलाबी घोडा बघितला, आपल्या हातातल्या कवळीकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं,

"डॉक्टर, माझ्या हिरड्या कमी पडणार नाहीत ना?"

*

घोडा जमला, तरी स्वार काही बसेना. सर त्याला खुर्चीवर बसवल्यासारखा घडवायचे. गुडघे पुढं, पाठ ताठ. घोड्यावर ठेवला की बँकेत नंबर येण्याची वाट बघतोय असं वाटायचं.

रेणुका म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः बसल्याशिवाय कळणार नाही. फॅक्टरीत या."

तिच्या फॅक्टरीत सूत गुंडाळलेले मोठे आडवे रूळ असतात, बीम म्हणतात त्याला. भरलेला बीम थेट घोड्याच्या पोटाएवढा! सुट्टीच्या दिवशी तिनं सरांना त्याच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवलं. हातात भाला म्हणून पुठ्ठ्याची लांब नळी. सर डोळे मिटून बसले आणि ओरडले, "कळलं! मांड्या मिठी मारतात! माणूस खाली रुततो, म्हणून उंची कमी होते!" मी फोटो काढत होते, अण्णा सरांची टाच पकडून खाली ओढत होते.

आणि दार उघडून फॅक्टरीचे मालक आत आले. बरोबर बाहेरगावचे दोन खरेदीदार.

मालकांनी बीमवरचे सर बघितले. भाला बघितला. टाच धरलेले अण्णा बघितले.

"रेणुका, हे काय चाललंय?"

रेणुकाची पापणी लवली नाही. "साहेब, सुताची स्ट्रेंथ टेस्ट."

खरेदीदारांपैकी एक जण पुढं आला, सरांच्या देहाकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि मान डोलावत म्हणाला, "सूत मजबूत आहे!"

ऑर्डर मिळाली म्हणे.

*

आता पुण्याची गोष्ट.

तिथं मोठी स्पर्धा होती. आम्ही आमचा दख्खनी स्वार नेला. ठेंगणं तट्टू, रुतून बसलेला गडी, टाच जिथं हवी तिथं. प्रवासात मोडू नये म्हणून स्वार वेगळा निघेल असा केला होता. बुडाखाली बारीक तार, खोगिराला भोक. सगळ्यांकडे तशीच पद्धत.

हॉलमध्ये शिरलो. सगळीकडे उंच, मान वाकवलेले, पुढचे पाय उचललेले घोडे. आमचं तट्टू त्यांच्यात लग्नाला चुकून आलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं. मधल्या काचेत परीक्षकांचा स्वतःचा घोडेस्वार होता, स्पर्धेबाहेरचा. लोक त्याच्यापुढे अक्षरशः रांग लावून उभे होते.

परीक्षक फिरत फिरत आमच्याकडे आले. सभ्य माणूस. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "काम फार सुंदर आहे. पण घोडा लहान झालाय. प्रमाण चुकलं."

इतक्या रविवारांचं काम! सरांनी पुराव्यांचं भाषण सुरू करायला तोंड उघडलं. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

रेणुका म्हणाली, "साहेब, स्केल एकच आहे, म्हणजे माणसाचं माप सगळ्यांचं सारखं. तुमच्या घोड्यावर आमचा गडी बसवून बघायचा का?"

आजूबाजूचे लोक थबकले. परीक्षक हसले. "बघू या की!" त्यांनी स्वतः काच उघडली, आपला स्वार उतरवला आणि आमचा गडी त्यांच्या घोड्यावर ठेवला. तो भिंतीवर चढून बसलेल्या पोरासारखा दिसायला लागला. पाय पोटाच्या अर्ध्यावरसुद्धा पोचेनात.

"म्हणजे तुमचा स्वारही लहान आहे," परीक्षक म्हणाले.

अण्णा मऊ आवाजात म्हणाले, "असंल. आता तुमचा आमच्या तट्टावर ठेवा."

परीक्षकांनी आपला स्वार उचलला आणि आमच्या तट्टावर टेकवला. तार भोकात गेली, मांड्या खोगिराला बिलगल्या आणि टाच पोटाच्या रेषेच्या जराशी खाली येऊन थांबली. त्यांच्या स्वत:च्या घोड्यावर तो अधांतरी वाटत होता. इथं तो जन्मापासून याच घोड्यावर असावा असा बसला!

मागचे लोक टाचा उंचावून बघायला लागले.

परीक्षक खाली वाकले. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. मग सरळ झाले, टेबलावरची पहिल्या नंबरची पाटी उचलली आणि आमच्या तट्टापुढं ठेवली. टाळ्या सुरू झाल्या. सर डोळे पुसत होते आणि रेणुका माझा दंड इतका घट्ट धरून होती की नंतर वळ दिसले.

सगळे पांगल्यावर परीक्षक अण्णांजवळ आले. हळूच म्हणाले, "डॉक्टर, हा घोडा मला द्याल?"

"घोडं न्हाय मिळायचं, साहेब," अण्णा म्हणाले. "पण तुमचा गडी बसलाय तर बसू द्या की!"

सोलापुरात येऊन आम्ही डबा उघडला. आत घोडा एक, स्वार दोन!