नेटवर्कच्या बाई

बाईंच्या पर्समध्ये कंगवा सापडला नसता, पण वायरीच्या टोकाला पिन बसवायची पक्कड मात्र कायम असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिवाजी पेठेतल्या एका खासगी कॉलेजात त्या आम्हाला नेटवर्किंग शिकवत. मी इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी. संगणक पहिल्यांदा बघितला तो त्यांच्याच लॅबमध्ये.

पुस्तकातली व्याख्या त्या वाचायच्या आणि लगेच पुस्तक मिटायच्या. "रेडिओ नुसता बोलतोय, ऐकत न्हाय, ते सिम्प्लेक्स. पोलिसांचा वॉकीटॉकी, एकानं बोलायचं, दुसऱ्यानं थांबायचं, ते हाफ डुप्लेक्स. आणि पेठेतलं भांडण? दोन्हीकडनं एकदम! फुल डुप्लेक्स." एका इमारतीपुरतं लॅन, गावभर पसरलं की मॅन, गाव ओलांडलं की वॅन, हे त्यांनी एकदा सांगितलं ते आजही मी तसंच सांगते.

तेव्हा लॅबमधले सगळे संगणक एकाच केबलवर ओळीनं जोडलेले होते. कुठंतरी एक जोड सैल झाला की सगळी लॅब ठप्प. मग बाई पदर खोचून टेबलांखालून सरपटत तो जोड शोधायच्या. शेवटी एका मे महिन्यात आम्हा चौघींना हाताशी घेऊन त्यांनी प्रत्येक संगणकाची वेगळी वायर ओढली आणि सगळ्या वायरी मधल्या एका हबला आणून जोडल्या. उद्घाटनाला मोठे पाहुणे आले. ऐन वेळी एक संगणक लागेना, म्हणून बाई खाली वाकल्या आणि तेवढ्यात फोटो निघाला. तो फोटो अजून कॉलेजच्या भिंतीवर आहे. त्यात सगळे आहेत, बाई टेबलाखाली आहेत.

त्या तासिका तत्त्वावर होत्या. दर जूनमध्ये नवं पत्र मिळायचं आणि दर जूनमध्ये त्या म्हणायच्या, "औंदा कायम करत्यात बघ." अशी नऊ वर्षं गेली. मला मात्र त्यांनी बजावलं होतं, "तू एम.एस्सी. कर. माझ्यासारखी डिप्लोमावर थांबू नको." मी केली. माझा विद्यापीठाचा फॉर्म त्यांनीच आणून दिला होता.

मग एकदाची कायम जागेची जाहिरात आली. अट होती पदव्युत्तर पदवीची. मी अर्ज केला आणि बाईंना सांगितलं नाही. मुलाखतीच्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनबाहेर त्या बसल्या होत्या, कडक इस्त्रीची साडी, मांडीवर फाईल. मला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली.

"बस. नेटवर्कचे सात थर विचारतील. आठवतंय न्हवं?"

"बाई, मी..."

"म्हणून दाखव आधी."

मी म्हणून दाखवले. एक चुकला, तो त्यांनी सुधारला. त्या आत गेल्या आणि दोन मिनिटांत बाहेर आल्या. मला अर्धा तास लागला. सात थर विचारलेच.

ती जागा मी नाकारू शकले असते. नाकारली नाही.

जाण्याआधी तीन दिवस त्यांनी मला सगळी लॅब समजावून दिली. कुठली वायर कुठून कुठे जाते, ते प्रत्येक वायरीला चिठ्ठी चिकटवून लिहिलं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "वायर धर सरळ. अक्षर वाकडं येतंय." चौथ्या दिवशी त्या आल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी मी विद्यार्थ्यांना कागलच्या एमआयडीसीतला एक कारखाना दाखवायला नेलं. फाटकाशेजारच्या खोलीत काचेमागे बाई बसल्या होत्या. केस पांढरे झालेले. त्यांनी नोंदवही पुढे सरकवली.

"सगळ्यांची नावं लिवा, मॅडम."

मला त्या कायम 'अगं' म्हणायच्या. मी हळूच म्हटलं, "बाई, एकदा कॉलेजला या की. मुलांना शिकवा."

"विसरलो मी सगळं," त्या म्हणाल्या. "तुमची गाडी तिकडं लावा. हितं लॉरी येत्यात."

आत जाताना एका मुलीनं विचारलं, "ओळखीच्या आहेत का मॅडम?"

"आमच्या कॉलेजात कामाला होत्या पूर्वी," मी म्हणाले.

काय काम करायच्या, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.