तीनदा उसवलेलं कार्डिगन

या सदरातले अनुभव मी दोन वर्षं वाचतेय आणि दर वेळी हसतेय. पैंजण वाजले, मागून हाक आली, पिंपळाखाली बाई दिसली... मी कुरकुंभ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, पंधरा वर्षं. आमच्याकडे ‘असं वाटलं’ हा रिझल्ट लिहीत नाहीत. तरीही आज लिहायला बसलेय, कारण माझ्या नणंदेने गावभर एक गोष्ट करून सोडलीय आणि ती खोटी आहे.

आधी घरातली माणसं सांगते. आम्ही दौंडला राहतो, कुरकुंभ रस्त्याला. मी लग्न केलं छत्तिसाव्या वर्षी. माझं पहिलं, नवऱ्याचं दुसरं. त्यांची पहिली बायको आजारपणात गेली तेव्हा मुलगी, ऋतुजा, आठ वर्षांची होती. मी आले तेव्हा बाराची. सासरे म्हणजे आप्पा, तरुणपणी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत हिंडलेले, आता मोतीबिंदूमुळे ओट्यावर बसून असतात. दोन घरं सोडून नणंद, आक्का. लग्नात आक्कांनी माझ्यासाठी पहिलीच्या नावाची चांदीची पुतळी करून आणली होती. दुसरेपणावर आलेल्या बाईने ती गळ्यात घालायची, म्हणजे गेलेली सवत त्रास देत नाही. मी घातली नाही. “गेलेल्या बाईला दुसरी कामं नाहीत का?” असं म्हणाले होते. ते आक्का अजून विसरलेल्या नाहीत.

ऋतुजा मला मावशी म्हणते. पाच वर्षं ती या घरात भाडेकरूसारखी राहिली. आपलं ताट आपण धुणार, आपले कपडे आपण, आणि काही हवं असलं तर वडिलांना सांगणार. बारावीनंतर नाशिकला नर्सिंगला नंबर लागला, होस्टेलही मिळालं. एकदा मी विणत बसले होते, तर दारात उभी राहून म्हणाली, “मावशी, मला एक विणून द्याल? समोरून बटणांचं. नाशिकला लई थंडी आसती म्हणतात.” पाच वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली वस्तू! मी आत जाऊन उगाच चहा टाकला, कारण डोळे भरून आले होते.

मग काय, मी पेटलेच. न रंगवलेली मऊ लोकर मागवली आणि जोडीला मोहेर. मोहेर म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांचा बारीक, लवदार धागा. दोन्ही धागे एकत्र धरून विणलं की कपडा हलका होतो आणि ऊब मात्र भरपूर. रंग ऋतुजाने निवडला, शेवाळी. रविवारी अंगणात चूल मांडून डाळिंबाची सालं उकळली, तुरटी घातली, शेवटी रंग गडद करायला चिमूटभर हिराकस. पिवळं पाणी बघता बघता शेवाळी झालं. ऋतुजा काठीने लडी खालीवर करत होती. आप्पा ओट्यावरून म्हणाले, “आमच्या टायमाला मेंढरू काळं आन् घोंगडंबी काळं. रंगवायचा कुटाणाच न्हवता.” ती खळखळून हसली. या घरात मी तिला असं हसताना पहिल्यांदा ऐकलं.

पाठीपासून सुरुवात केली. एकशे बारा टाके, दोन इंचांची बॉर्डर, मग सरळ वर. दहा दिवसांत मुंड्यापर्यंत, म्हणजे बाही जोडतात तिथपर्यंत आले. सकाळी फर्स्ट शिफ्टला जाताना फोटो काढला (मी प्रत्येक टप्प्याचा काढते), विणकाम सुईसकट लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. दुपारी चारला येऊन कपाट उघडलं... तर सगळं बॉर्डरपर्यंत उसवलेलं. एकशे बाराच्या एकशे बारा टाके सुईवर नीट. शेजारी दोन गुंडे, लोकरीचा वेगळा आणि मोहेरचा वेगळा.

विणणाऱ्या बायकांच्या अंगावर इथे काटा आला असेल, बाकीच्यांना समजावून सांगते. मोहेर सहजी उसवत नाही. त्याचे केस शेजारच्या टाक्यांत असे गुंततात की चार ओळी उसवायच्या तर तास जातो, धागा तुटतो, मांडीवर केसांचा पुंजका जमतो, आणि शेवटी कात्री घ्यावी लागते. इथे तेरा इंच उसवले होते, दोन्ही धागे वेगळे काढले होते, आणि कपाटात एक केस सांडलेला नव्हता.

मी काय केलं? चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा विणायला बसले.

बाराव्या दिवशी परत तेच. मुंड्याशी आले, आणि दुपारी बॉर्डरवर!

आक्कांना बातमी लागायला किती वेळ? लगेच हजर. “पुतळी घाल म्हणलं तवा नाक मुरडलंस. आता भोग. सवतीला सोसंना झालंय.”

मी म्हटलं, “आक्का, सवत माझी ना? मग राग माझ्यावर काढेल की. स्वतःच्या लेकीला थंडीत कशाला कुडकुडवेल?”

त्यावर त्या आवाज बारीक करून म्हणाल्या, “मंग तिच्या लेकीनंच उसवलं आसंल. किल्ली कुठं आसती तिला ठाव हाय. दिसभर घरात तीच. सावत्र ती सावत्रच, बाई.”

खरं सांगते, मला हायसं वाटलं. कुलूप, किल्ली, माणूस... हा रिझल्ट मला लिहिता येत होता. मोहेर सुटलं कसं, याचा विचार मी केलाच नाही. संध्याकाळी आक्का आणि नवरा दोघंही बसलेले असताना मी म्हणाले, “ऋतुजा, आवडत नसेल तर तोंडाने सांगायचं. असं लपून उसवायचं नाही.”

ती ताटं मांडत होती. “मी न्हाई उसवलं, मावशी.”

“मग काय भुताने उसवलं?”

तिने वडिलांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये बघत होते. तिने राहिलेलं ताट मांडलं आणि न जेवता आत गेली. दुसऱ्या दिवशी ती वढू बुद्रुकला, मामांकडे निघून गेली. सर्टिफिकेटांची फाइलसुद्धा घेऊन गेली. नाशिकला परस्पर तिकडूनच जाणार होती.

मी अजून रागातच होते. आता सिद्धच करून दाखवते म्हटलं. तिसऱ्यांदा मुंड्यापर्यंत विणलं. लॅबमध्ये सॅम्पलच्या पिशव्यांना नंबर असलेलं सील लावतो आम्ही, ते कापल्याशिवाय निघत नाही. तसल्याच जाड, पारदर्शक पिशवीत विणकाम घातलं, सील मारलं, कपाटाला कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या पर्समध्ये टाकून कामाला गेले.

दुपारी चार वाजता कुलूप जागेवर होतं. सील जागेवर, नंबर तोच. आणि पिशवीत बॉर्डर, सुई आणि दोन गुंडे.

पिशवी तशीच ओट्यावर नेली आणि आप्पांसमोर सील कापलं. “आप्पा, बघा हो हे.”

“बघू कशानं? हातात दे.” त्यांनी धागा बोटांतून सरकवला. एकदा, दोनदा. “सूनबाई, ह्यो इणल्याला धागा न्हाई.”

“आप्पा, मी स्वतः विणलंय. तीनदा.”

“इणून उसवल्याला धागा वळतो, शेवयावानी. तुला कळत न्हाई व्हय? ह्यो सरळ हाय. ह्याला सुई लागलीच न्हाई कवा.”

मला कळत नाही? पंचवीस वर्षं विणतेय मी! उसवलेल्या धाग्याला टाक्यांच्या वळ्या पडतात आणि धुतल्याशिवाय त्या जात नाहीत. हेच गुंडे मी दोनदा हातात घेऊन विणले होते आणि रागाच्या भरात एवढंही पाहिलं नव्हतं. मोबाइल काढला. दुसऱ्या वेळी कपाट उघडल्यावर काढलेल्या फोटोतही धागा सरळ, गुळगुळीत. म्हणजे उसवलं कुणीच नव्हतं. विणलेलं जणू कधी विणलंच नव्हतं. मी त्या पोरीवर आळ घेतला तेव्हा तिच्या बाजूचा पुरावा माझ्या मांडीवर पडलेला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली. एसटीने शिक्रापूर, तिथून वडापच्या जीपने वढू. मामांचं समाधीच्या रस्त्याला हारांचं दुकान आहे. ऋतुजा झेंडू ओवत बसली होती. मी उभ्या उभ्याच म्हणाले, “चुकले मी. तू उसवलं नाहीस, कुणालाच उसवता आलं नसतं.” आप्पांचं म्हणणं सांगितलं. तिची सुई चालूच होती.

“मी इथं आस्ताना परत झालं, म्हणून आलात ना मावशी? नसतं झालं तर?”

खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. “नसते आले,” म्हटलं.

तेव्हा तिने सुई खाली ठेवली. “मग ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर सांगा.”

त्याच दिवशी दोघी दौंडला आलो. आक्कांना बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर, नवऱ्यासमोर तिची माफी मागितली.

“मंग उसवलं कुणी?” आक्का.

“माहीत नाही.”

“म्हंजी पोरीचंच काम. झाकती कशाला?”

या वेळी नवऱ्याने मोबाइल खाली ठेवला. “आक्का, बास.” लग्नानंतर त्यांचं एवढं एक वाक्य मला मनापासून आवडलं.

चौथ्यांदा विणलं ते कुलूप न लावता, दिवाणावर उघडं टाकून. मुंडा ओलांडला, बाह्या झाल्या, गळा झाला, बटणं लागली. काहीही झालं नाही. का नाही, तेही मला सांगता येत नाही. मी पुतळी घातलेली नाही, उतारा टाकलेला नाही, कुणाला नारळ फोडलेला नाही. कुणी असेलच, तर त्या बाईने समोर येऊन बोलावं, चहा देईन.

ऋतुजा ते घालून नाशिकला गेली. नाही, ती मला आई म्हणाली नाही, मालिका नाही ही. मावशीच म्हणते. परवा फोन करून बाह्या अर्धा इंच लांब झाल्यात अशी तक्रार केली, आणि ती वडिलांकडे नाही, थेट माझ्याकडे.

आता प्रतिक्रिया येतील. उंदीर म्हणा, सवत म्हणा, कंपनीतल्या वासाने बाईचं डोकं फिरलं म्हणा, माझी हरकत नाही. पोरीचं नाव मात्र कुणी घ्यायचं नाही. नेमकं काय झालं ते मला माहीत नाही, आणि असं म्हणायची आज मला लाज वाटत नाही. त्या संध्याकाळी, ती ताटं मांडत होती तेव्हा, मी एवढंच म्हणायला हवं होतं.