तव्यावरची चरबी

धुकं इतकं दाट होतं की समोरच्या दुकानाची पाटी दिसेना. खाटकानं शटर अर्धं वर ढकललं, सुरीला धार लावली आणि टांगलेल्या कोकराच्या गुर्द्याजवळची बोटभर चरबी छोट्या तव्यावर ठेवली. हे रोजचंच. चरबी वितळली की नाक खाली न्यायचं. जनावर काय खाऊन वाढलं ते तिथं कळतं. गल्लीत त्याचं नाव हुंग्या पडलं होतं ते यावरूनच.

आज वास उग्र आला, कुबट. सलग तिसऱ्या दिवशी. खानावळवाली कालच पातेलं घेऊन दारात उभी राहिली होती. "गिऱ्हाईक विचारतंय, मटण शिजवलंय की मोजे? आणखी एकदा असं झालं तर मी दुसरं दुकान बघीन."

निम्मं मटण तिच्याच खानावळीत जायचं; ती गेली की निम्मं दुकान गेलं.

"तुझा भाऊ कोकरांना मासळीची भुकटी चारतोय," तो बायकोला म्हणाला. कोकरं तिच्या भावाकडूनच यायची.

"लग्नापासून तुम्ही त्याच्याकडं असंच बघताय."

"तेव्हाही बरोबरच बघत होतो."

तवा पिशवीत घालून तो तडक मेव्हण्याच्या गोठ्यावर गेला. पोती उचकटली, गव्हाणीत हात घातला, पेंडीचा डबा उपडा केला. गवत, भरडा, पेंड, बाकी काही नाही.

"दाजी, उंदीर शोधताय की मला?" मेव्हणा म्हणाला.

"आत सोलून टांगलेलं ते कोकरू कुठलं?" हुंग्यानं विचारलं.

"तुमच्याच कळपातलं. बाकीची तुम्ही आठ दिवसांपूर्वी नेलीत, हे इथंच राहिलं."

हुंग्यानं चूल पेटवायला लावली. त्याच कोकराची चरबी तव्यावर वितळली. वास स्वच्छ, ओल्या गवतासारखा. त्यानं तीनदा हुंगलं.

"माझ्यासाठी मुद्दाम वेगळं पोसलं असशील."

"तुम्ही येणार हे मला कोकरानं सांगितलं होतं काय?"

त्यानं तवा पुन्हा पिशवीत घातला. वाटेत मात्र ते आठ दिवस डोक्यातून जाईनात. आणल्यापासून कापेपर्यंत कोकरं त्याच्याच परसात बांधलेली असत.

घरी आला तर बायको परसात कोबीचा पाला मोडून गव्हाणीत टाकत होती. कोकरं तुटून पडली होती.

"हे कधीपासून?"

"झाले की आठ दिवस. भाजीवाला रोज टोपलीभर देतो. कोरड्या गवतावर किती दिवस ठेवायचं बिचाऱ्यांना?"

तो खाली बसला. पाल्याचा वास, तव्यावरचा वास, एकच. ज्या नाकाला गल्ली मानायची त्याला आपल्या परसातलं कळलं नव्हतं.

"कोबीनं चरबी बिघडते," तो म्हणाला. "मांसाला वास लागतो."

"म्हणजे चोर मीच तर." ती हात पुसत म्हणाली. "भावाला फोन करा. आत्ता."

त्यानं केला. पलीकडून बराच वेळ हसू ऐकू आलं. खानावळीसाठी आठ दिवस गोठ्यावरूनच कोकरं न्यायचं ठरलं, तोवर परसातल्यांचा वास उतरेल.

फोन ठेवून तो पुटपुटला, "पण हा भाजीवाला फुकट का देतो?"

बायकोनं रिकामी टोपली त्याच्यापुढं सरकवली. त्यानं बाह्या वर सारल्या, गव्हाणीतला पाला ओंजळीनं उपसला आणि वाळल्या गवताची पेंढी सोडली.