परत आलेली गदा

हसनाबादच्या यात्रेत इंद्रभान पैलवान कुस्त्यांचा फड भरवतो, त्याचं हे तिसरं साल. तरणा होता तेव्हा शहागडच्या फडात त्यानं चांदीची गदा पटकावली होती. लोक अजून कौतुक करतात. कौतुक कसलं, कर्माचं! ती कुस्ती नुरा होती, आधीच ठरवलेली. वस्तादाच्या शब्दावर समोरचा आपणहून पाठीवर पडला होता. हे इंद्रभानला ठाऊक आणि त्याच्या बायकोला, गोपिकाबाईला. ती गदा घरातून एकदाची जावी, खऱ्या पैलवानाच्या हाती पडावी, एवढ्यासाठीच फडाचा सगळा खटाटोप.

पण मागल्या दोन्ही साली शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली आणि गदा घरी आली. यंदा त्यानं पत्रकावरच छापून टाकलं, शेवटची कुस्ती निकालीच होणार.

दुपारी लहानसहान कुस्त्या लागल्या. बदनापूरच्या प्रांजलीनं तिच्याहून वीतभर उंच पोरीला असं उचलून आपटलं, की हलगीवाला वाजवायचं विसरला. इंद्रभाननं रिवाजाप्रमाणं तिच्या हातात नारळ दिला अन् पुढची जोड पुकारली.

शेवटी गोरक्षनाथ आणि कल्याण मातीत उतरले. पाऊण तास झाला तरी दोघं मानेला मान लावून गुमान उभे!

"आरं, झोपले काय? डाव टाका की!" इंद्रभान ओरडला.

कल्याण हळूच म्हणाला, "वस्ताद, परवा दोघांचाबी दुसरा फड हाय. हरलेल्याचं नाव मंग कोण पुकारतं? सोडा बरोबरीत."

"मातीची तरी लाज धरा रे!" इंद्रभानच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दिवस बुडाला, पंच बरोबरी देऊन उठले, लोक शिव्या घालत पांगले.

"आली का परत?" गदा बघून गोपिकाबाई म्हणाली.

"एकबी खरा पैलवान राह्यला न्हाई जिल्ह्यात!"

"न्हाई कसा? दुपारी त्या प्रांजलीनं समद्यांदेखत चीत केली ना? तिला तुम्ही नारळ देऊन वाटंला लावलं."

"गदा शेवटच्या जोडीलाच असती. रिवाज हाय तो."

"शहागडलाबी वस्तादाचा रिवाजच पाळल्ता तुम्ही."

मग तिनंच त्याच्या हातातली गदा घेतली आणि जुन्या खिळ्याला अडकवली.