ताकात विझवलेला कोयता

आमच्या ट्रेनिंग सेंटरच्या वर्कशॉपमध्ये कोणीतरी तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं आणि त्या वासाने मला थेट शिरोड्याच्या घरी, चुलीपाशी नेलं. तेव्हा बहीण आणि मी दोघंही सैन्यभरतीची तयारी करत होतो. पहाटे ओल्या वाळूत ती रोज पुढे असायची आणि मी तिच्या पावलांवरून धापा टाकत मागून पोचायचो. मग रक्ताचे रिपोर्ट आले. लोह कमी निघालं ते तिचं, माझं भरपूर. आईने त्याच संध्याकाळी कोयता चुलीत लाल केला आणि ताकात विझवला. तिच्या माहेरी अशक्त माणसाला हेच देत. चर्र आवाज झाला, आंबूस वाफ उठली, आणि आई पेला हातात घेऊन तशीच बसली. "धावता ही, तर रगत कमी हिचा. दमता ह्यो, तर रगत बरा हेचा. मगे ह्या ताक देव कोणाक?" बहीण बुटांतली वाळू झाडत म्हणाली, "तेका दी, आये. माका खंय दम लागता?" मी पेला रिकामा केला. पुढे मुलींच्या भरतीत ती धावण्यात पहिली आली आणि रक्त कमी म्हणून वैद्यकीय तपासणीतून घरी परतली. इथे गणवेश घालून रोज मागून धावतो तो मी. एका पेल्याने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर सांगतात, ते पटतंही. पण तिच्यासाठी अर्धा तरी ठेवावा, हे मला त्या दिवशी सुचलं कसं नाही, ते काही केल्या कळत नाही.